कोब्याला इंजिनेर कावून?

माणूस छताला भितो. घर बांधताना स्लॅबच्या दिवशी मालक जेवत नाही, नारळ फोडतो, लेकरांना सेंटरिंगखाली जाऊ देत नाही आणि सळई जरा जाडच टाका म्हणून इंजिनिअरच्या विनवण्या करतो. जमिनीला मात्र कोणी भीत नाही. बीड जिल्ह्यात मी जितकी वर्षं नकाशे काढले, तितकी वर्षं एकच प्रश्न ऐकत आले, "बाई, कोब्याला इंजिनेर कावून? जिमिनीवर तर हाय. पडून पडून पडंल कुठं?"

या अंकाच्या संपादकांचा फोन आला तेव्हा त्यांना धरणाबिरणाबद्दल काहीतरी भव्य हवं होतं. पालीच्या धरणावर तुम्ही होतात का, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, ते धरण झालं तेव्हा मी पाळण्यात असेन, फार तर. मग एखादा पूल? पूलही नाही. मी गोदामांचे कोबे केले. जिथं पोती, गाठी, पेट्या रचून ठेवतात तिथली खालची काँक्रीटची जमीन. मग ते मोठ्या मनाने म्हणाले, "हरकत नाही, तेही लिहा." त्या 'तेही'मध्ये माझी सगळी नोकरी, सगळा धंदा आणि दोन्ही गुडघे गेलेले आहेत.

माझं ऑफिस अंबाजोगाईला होतं, घराच्या पुढच्या खोलीत. बाहेर पाटीवर माझं नाव, माझी पदवी. गिऱ्हाईक पाटी वाचून आत यायचं आणि विचारायचं, "साहेब कुठं गेलेत?" माझे यजमान शाळेत भूगोल शिकवत. ते घरी असले की गिऱ्हाईक त्यांच्यापुढे नकाशा पसरून बसे. भूगोलाचे असल्यामुळे नकाशा उलटा धरलाय एवढं त्यांना कळत असे, आणि तेवढ्यावर ते वेळ मारून नेत. मी चहा घेऊन आले की मला सांगत, "हे तुझ्याकडे आलेत." मग गिऱ्हाईक चहाकडे बघे, माझ्याकडे बघे आणि आपण चुकून दुसऱ्याच दुकानात शिरलो असा चेहरा करी.

ज्यांना जन्मात गोदाम बांधायचं नाही अशा भाग्यवान वाचकांसाठी माझी विद्या थोडक्यात सांगते. आपली काळी माती कापसाला चांगली, बाकी कशालाच नाही. पावसाळ्यात ती फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. केजजवळ एका साइटवर वैशाखातल्या भेगेत माझी मोजपट्टी पडली, ती अजून सापडायची आहे. अशा मातीवर थेट कोबा केला तर तो दर वर्षी तिच्याबरोबर वर-खाली होणार. म्हणून आधी ती काढून टाकायची, तिथं मुरूम भरायचा, तो थराथराने, पाणी मारून, रोलर फिरवून. त्यावर खडी, त्यावर प्लास्टिकचा कागद आणि मग काँक्रीट. यातलं वरचं काँक्रीट तेवढं मालकाला दिसतं, म्हणून तेवढ्यापुरती त्याची श्रद्धा असते. खालचं सगळं त्याच्या मते इंजिनिअर आणि ठेकेदार यांनी मिळून केलेलं कारस्थान.

दुसरी गोष्ट, वजन किती यापेक्षा ते कसं बसतं हे महत्त्वाचं. शेणाने सारवलेल्या जमिनीवर चटई टाकून माणूस झोपला तर जमिनीला काही होत नाही. तोच माणूस बाजेवर झोपला की बाजेचे पाय जमिनीत रुततात. पोत्यांची थप्पी ही चटई. कंपन्यांचे ते लोखंडी रॅक, ज्यांच्या कप्प्यांत पेट्या छतापर्यंत चढवतात, ती बाज. सगळा भार चार पायांवर, आणि पाय तळहाताएवढ्या पत्र्यावर.

आणि तिसरी गोष्ट म्हणजे तडे. काँक्रीट वाळताना आकसतं आणि तडकतं. त्यात इंजिनिअरचा इलाज नाही. आपण एवढंच करायचं, की ठरावीक अंतरावर मशिनने सरळ खाचा पाडून ठेवायच्या आणि त्याला सांगायचं, बाबा रे, तडकायचंच असेल तर इथं तडक. तडा जाणारच नाही अशी हमी देणारा इंजिनिअर आणि भांडण होणारच नाही अशी हमी देणारा लग्नातला मध्यस्थ, दोघांपासून लांब राहावं.

एवढं ज्ञान पाजळूनही उपयोग होतो असं नाही. एका संस्थेच्या साखर गोदामात (नाव सांगत नाही, तिथले चेअरमन अजून ठणठणीत आहेत) दोन्ही बाजूंना छतापर्यंत पोती आणि मधे जायला-यायला रिकामी वाट होती. कोबा फाटला तो नेमका त्या रिकाम्या वाटेत. कोबा माझा नव्हता, पण पंच म्हणून मला बोलावलं. चेअरमनसाहेब कडाडले, "जिथं वजनच न्हाई तिथं कावून फाटलं?" मी म्हटलं, गादीच्या दोन टोकांना दोन जाडजूड माणसं बसली की मधली गादी वर येते, तसं हे. साहेब त्या वेळी दोन भरभक्कम संचालकांच्या मधे गादीवर बसलेले होते आणि चांगलेच वर आलेले होते. त्यांनी डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं आणि विषय बदलला. पुढच्या सभेत तो तडा विरोधी गटाने पाडला असल्याचं जाहीर झालं.

पण मला सांगायची आहे ती मन्मथअप्पांच्या कोब्याची गोष्ट.

दिल्लीत देशाची दारं उघडली, असं पेपरात येऊन काही वर्षं झाली होती. परळीपर्यंत ती उघडलेली दारं पोहोचली ती साबण, दंतमंजन आणि टाय यांच्या रूपाने. साबण आणि दंतमंजन दुकानात दिसू लागले आणि टाय आडत व्यापाऱ्यांच्या मुलांच्या गळ्यात. मन्मथअप्पा हे परळीच्या बाजारातले जुने आडते. सरकी पेंड आणि डाळीचा व्यापार, कपाळावर भस्माचे तीन ठसठशीत पट्टे, आणि बोलणं असं की समोरच्याने दर कमी केल्याचं त्याला घरी गेल्यावर कळावं. त्यांचा मुलगा विश्वनाथ पुण्याहून मॅनेजमेंट शिकून परत आला होता. टाय त्याच्याही गळ्यात होता, पण त्याच्याकडे पाहिल्यावर हसू येत नसे. पोरगा हुशार होता. एका मोठ्या कंपनीला मराठवाड्यासाठी साठ्याचं गोदाम हवंय हे त्याने शोधून काढलं, परळीला रेल्वे आहे हे त्यांच्या गळी उतरवलं आणि अप्पांच्या रस्त्याकडेच्या जागेवर गोदाम बांधायचं ठरवून टाकलं. कंपनीची अट एकच. आमचे लोखंडी रॅक पेलेल असा कोबा करा, आमचा माणूस येऊन भार टाकून बघेल, पास झाला तर गोदाम घेऊ.

बाप-लेक माझ्याकडे आले. साहेबांची चौकशी झाली, चहा झाला, कोब्याला इंजिनेर कावून हेही विचारून झालं. मग विश्वनाथ फोन करायला बाहेर गेला तसे अप्पा खुर्ची पुढे ओढून हळू आवाजात बोलू लागले.

"बाई, पोरगं म्हणतंय, कंपनी आली तर मी हितंच ऱ्हातो, समदं बगतो. न्हाई आली तर पुण्याला नोकरी धरतो. एकुलतं एक हाय. तवा तुमचा कोबा टिकला तर माजं पोरगं टिकंल. आता तुमी बगा."

आमच्या कोडच्या पुस्तकात पोत्यांचा भार आहे, चाकांचा आहे, यंत्रांचा आहे. हा भार कुठल्या कोष्टकात धरायचा ते दिलेलं नव्हतं. एरवी मी गिऱ्हाइकाला टोमणा मारल्याशिवाय सोडत नाही, पण त्या दिवशी मला भीती वाटली. मग घाबरलेला इंजिनिअर करतो तेच केलं. कोब्याची जाडी एक इंच वाढवली.

काम सुरू झालं. परळीत औष्णिक केंद्राची राख म्हणजे गावाचा सामाईक ठेवा. वाळत घातलेल्या धोतरावर ती, दह्यावर ती, माणसाच्या बोलण्यातही थोडी ती. ती फुकट मिळते म्हटल्यावर कोब्याखाली मुरमाऐवजी राखच भरावी अशी सूचना मला अप्पांनी केली, त्यांच्या मुनिमाने केली, आणि पानाच्या ठेल्यावर ज्याचा या बांधकामाशी काहीएक संबंध नव्हता अशा गृहस्थानेही केली. राखही वापरता येते, पण त्याची रीत आहे आणि ती रीत पाळायला तेव्हा तिथं कोणी तयार नव्हतं. सगळ्यांचं प्रेम फक्त 'फुकट' या शब्दावर. मी मुरूमच भरून घेतला. अप्पा महिनाभर माझ्याशी बेताचंच बोलत होते.

काँक्रीट पडलं. ते काम सय्यद मिस्त्रींचं. हात इतका साफ, की कोब्यावर पाणी सांडलं तर कुठं जावं ते पाण्याला कळत नसे. दुसऱ्या दिवशी खाचा पाडायला औरंगाबादहून कटर आला आणि अप्पा दारात आडवे उभे राहिले. नव्या कोऱ्या कोब्याला कापायचं म्हणजे काय? नवं लुगडं कुणी फाडून नेसतं का? मी सांगितलं, आज कापला नाही तर उद्या तो स्वतःच फाटेल, आणि वाकडातिकडा फाटेल. विश्वनाथने समजावलं. शेवटी अप्पा दाराकडे पाठ करून बाहेर खाटेवर बसले आणि कटरचा आवाज थांबेपर्यंत शिव-शिव म्हणत राहिले.

मग पाणी. कोब्यावर मातीचे बांध घालून पाणी कोंडून ठेवावं लागतं, नाहीतर काँक्रीट कच्चं राहतं. गावात नळाला पाणी नव्हतं, बायका टँकरच्या मागे कळश्या घेऊन पळत होत्या, आणि माझा कोबा घोटाभर पाण्यात पाय सोडून बसलेला. दारावरून जाणाऱ्या बायका आत डोकावून माझ्याकडे ज्या नजरेने बघत ती माझ्या लक्षात राहिलेली आहे. सगळी शास्त्रीय कारणं तोंडपाठ असूनही मला त्यांच्याशी नजर मिळवता आली नाही.

कोबा मात्र झकास झाला. हातोडीने ठोकत मी तो एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत तपासला आणि घरी गेले. त्यानंतर अप्पांनी गोदामाची वास्तुशांत केली, पेढे वाटले, सगळ्या बाजाराला जेवण घातलं. मला बोलावणं नव्हतं. मला वाटलं, बाईमाणूस म्हणून विसरले असतील. सवय होती. मी मनाला लावून घेतलं नाही.

कंपनीचा माणूस आला. त्याचं नाव बत्रा. इस्त्री केलेला पांढरा शर्ट घालून तो परळीत उतरला, यावरूनच त्याला गावाची माहिती नाही हे कळत होतं. रॅक उभे झाले होते. त्यांच्या कप्प्यांत ठरल्यापेक्षा जास्त वजनाची वाळूची पोती चढवली आणि दिवसभर तशीच ठेवायची असं ठरलं. अप्पांनी नवी टोपी घातली होती. विश्वनाथ प्रत्येक पायापाशी वाकून बघत होता. दुपारपर्यंत सगळं ठीक. संध्याकाळी चहाचे कप आले, आणि त्याच वेळी कोपऱ्यातल्या रॅकने मान वाकडी केली. बाकी सगळे पाय जागच्या जागी, आणि भिंतीलगतचा एक पाय कोब्यात रुतलेला. हमालांनी धावपळ करून पोती उतरवली म्हणून रॅक आडवा झाला नाही.

बत्राने शर्टावरची राख झटकली. इथली माती खराब आहे असं आपण ऐकून होतोच, असं तो इंग्रजीत म्हणाला. मग कोब्याचा इंजिनिअर कोण, असं विचारून त्याने सय्यद मिस्त्रींकडे पाहिलं. मिस्त्रींनी माझ्याकडे बोट दाखवलं. एरवी हा मान मला मिळवून द्यायला कोणी इतक्या तत्परतेने पुढे येत नसे. बत्राने मला सांगितलं, डिझाइन फेल आहे, कंपनी लातूरकडे बघेल. विश्वनाथने टायची गाठ सैल केली. अप्पा मुलाकडे बघत होते, माझ्याकडे नाही. त्यांनी मला शिव्या घातल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

मी त्या पायापाशी जाऊन बसले. पिशवीतून हातोडी काढली. इतर ठिकाणी ठोकलं की खणखणीत आवाज येत होता. तिथं आला तो 'भद्द'. बारकाईने बघितलं तर घागरीच्या तोंडाएवढा एक चौकोन दिसला, वरून सिमेंटने घोटून इतका गुळगुळीत केलेला, की बाकीच्या कोब्याला लाज वाटावी. मी मान वर करून विचारलं, मिस्त्री, हे काय?

सय्यद मिस्त्री छताकडे बघू लागले. "अप्पा बोल्ले देवाचं काम हाय. देवाच्या कामाला नकाशा कावून लागंल, बाई?"

आणि मग अप्पा पुढे आले. "आग्नेयेला वास्तुपुरुष ठिवलाय."

ज्यांच्या घरी ही रीत नाही त्यांच्यासाठी सांगते. वास्तुशांतीच्या वेळी जागेच्या मालकाची, म्हणजे खऱ्या मालकाची, एक छोटी प्रतिमा आग्नेय कोपऱ्यात पुरतात. पालथी. सोबत पंचरत्न, सात धान्यं, शेवाळ आणि दहीभाताचा नैवेद्य. घरात ठीक आहे, तिथं वर फार तर तांदळाचा डबा येतो. इथं अप्पांनी माझा एक इंच जास्त जाडीचा कोबा छिन्नीने आरपार फोडला, खालची खडी उकरली, मुरूम उकरला, त्यात प्रतिमा ठेवली, भोवती सैल माती सारली, वरून सिमेंटचा पापड लावला, आणि कंपनीने रॅकचा पाय नेमका त्या पापडावर ठेवला. सगळ्या गोदामात जिथं जिथं मी विचार केला होता तिथं कोबा टिकला. जिथं भात होता तिथं खचला.

मी संतापले. मी म्हटलं, आधी मला विचारायचं नाही का? अप्पा शांतपणे म्हणाले, "इचारलं असतं तर तुमी न्हाई म्हणला असता." हे खरंच होतं. मग ते म्हणाले, "आन् देव न ठिवता पोराला त्या जागंत कसं बशिवू, बाई?"

कोबाही पोरासाठी आणि तो फोडलाही पोरासाठीच.

उपाय सरळ होता. प्रतिमा बाहेर काढायची, खड्डा साफ करायचा, काँक्रीट भरायचं, थोडे दिवस थांबायचं आणि पुन्हा भार टाकायचा. मी तो सांगितला. पुरलेला देव उकरत नाहीत, हे तिथल्या प्रत्येक हमालाला माहीत होतं, त्यामुळे सगळे अप्पांकडे बघू लागले. विश्वनाथ म्हणाला, "राहू द्या अप्पा, मी जातो पुण्याला. देव नका हलवू." अप्पांनी टोपी काढून हातात घेतली. मग म्हणाले, "काढा."

छिन्नी उचलायला कोणी पुढे होईना. सय्यद मिस्त्रींनी चक्क दोन्ही हात मागे बांधले. फोडायला सांगितलं तेव्हा फोडलं, म्हणाले, पण उकरायचं पाप मी घेणार नाही, तुमच्याही देवाचं नाही.

या सगळ्यात बत्राला काही कळत नव्हतं. तो मला विचारू लागला. वास्तुपुरुष इंग्रजीत सांगायचा प्रसंग माझ्यावर कॉलेजात आला नव्हता. मी म्हटलं, या जागेचा मालक खाली पालथा झोपलाय. बत्रा दचकला. मग मी नीट सांगितलं. त्याने विचारलं, कोपरा कुठला? मी म्हटलं, आग्नेय.

बत्राचा बूट तोपर्यंत त्या चौकोनावर होता. त्याने तो उचलला आणि दोन पावलं मागे सरला. मग शर्टाकडे न बघता खाली वाकून त्या जागेला हात लावला, तो हात छातीला लावला आणि हिंदीत म्हणाला, "इनको मत हिलाइए."

पुढे चहा घेताना त्याने सांगितलं, की पुण्याच्या फ्लॅटमधला आपला स्वयंपाकाचा ओटा त्याने अलीकडेच एका वास्तुतज्ज्ञाच्या सल्ल्याने आग्नेयेला हलवला होता आणि लगेच त्याला बढती मिळाली होती. देशाची दारं उघडली तेव्हा साबणाच्या मागोमाग हे तज्ज्ञही आत शिरले होते, फक्त ते अजून आमच्याकडे पोचायचे होते. मी आयुष्यभर गिऱ्हाइकांना आकडे दाखवले, कोष्टकं दाखवली, गादीची उदाहरणं दिली. परळीच्या त्या कोब्याला वाचवलं ते पुण्याच्या ओट्याने.

रॅक त्या कोपऱ्यातून सरकवला. इतर पायांखाली पुन्हा भार टाकला, कोबा हलला नाही. रिकाम्या राहिलेल्या कोपऱ्याचं कारण वरिष्ठांना काय सांगायचं हा प्रश्न होता. बत्राने तोही सोडवला. कोपरा आगीच्या बंदोबस्तासाठी राखीव, असं त्याने ठरवलं आणि तिथं वाळूच्या लाल बादल्या टांगायला लावल्या. मी नकाशा दुरुस्त केला. राग अजून उतरला नव्हता, म्हणून त्या चौकोनाभोवती लाल शाईने लिहिलं, 'या जागेवर एका माणसाहून जास्त भार देऊ नये.' खरं तर दहा माणसं बसली असती तरी काही झालं नसतं. पण कुठंतरी माझंही काही चालतं हे दाखवायचं होतं.

कोबा पास झाला. कंपनी आली. पेढे या वेळी मलाही मिळाले. पोरगं टिकलं, असं अप्पा भेटेल त्याला सांगत सुटले होते. माझ्या ऑफिसात येऊन त्यांनी यजमानांना ओलांडून थेट मला नमस्कार केला, हे मी माझ्या कारकिर्दीतलं शिखर मानते.

विश्वनाथने गोदाम असं चालवलं, की पुण्याहून माणसं बघायला येऊ लागली. कुठली पेटी कुठल्या कप्प्यात आहे हे तो कॉम्प्युटरवर सांगे. बत्राच्या ते नजरेत भरलं. असा मुलगा परळीत वाया जाईल, असं त्याचं मत पडलं आणि वर्ष व्हायच्या आत कंपनीने विश्वनाथला पुण्याच्या मुख्य ऑफिसात बोलावून घेतलं. परळीच्या गोदामावर नागपूरहून एक मॅनेजर नेमला. अप्पांनी मुलाला अडवलं नाही. कंपनी आली नसती तर पोरगं पुण्याला जाणार होतं. कंपनी आली आणि पोरगं पुण्याला गेलं. उदारीकरण म्हणजे काय, यावर मी पेपरात पुष्कळ लेख वाचले होते, पण मला ते कळलं ते इथं.

काही वर्षांनी कंपनीला रॅक आणखी उंच करायचे होते म्हणून मला पुन्हा बोलावणं आलं. गोदामात सगळे गणवेशातले अनोळखी लोक होते. आग्नेय कोपऱ्यात लाल बादल्यांच्या खाली मात्र एक छोटी गादी अंथरलेली होती आणि तिच्यावर अप्पा बसलेले होते. कपाळावर तेच तीन पट्टे. तिथं त्यांना काही काम नव्हतं. भाडं परस्पर बँकेत जमा होत होतं. ते रोज सकाळी येत, देवाच्या वर गादी टाकून बसत आणि दुपारी जेवायला घरी जात, असं मॅनेजरने मला हसत सांगितलं. नागपूरचा होता, त्याला काय कळणार?

विश्वनाथ कसा आहे, मी विचारलं. बरा आहे, म्हणाले. पुण्याहून त्याला आता कंपनी बाहेरदेशी पाठवणार होती.

मी हातोडी काढली आणि सवयीने कोबा ठोकत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत गेले. खाचा सोडून एकही तडा नव्हता. मोठी माणसं म्हणतात तसं काहीतरी समाधान वाटायला हवं होतं. परत आले तेव्हा अप्पा माझ्याकडेच बघत होते.

"टिकला बगा बाई, तुमचा कोबा."

मी म्हटलं, "व्हय, टिकला."

ते गादीवर जरा सरकले आणि बाजूची जागा हाताने झटकून म्हणाले, "बसा."

त्या जागेवर एका माणसाहून जास्त भार द्यायचा नाही, असं मीच लिहून ठेवलं होतं. मी बसले.